अत्यावश्यक औषधांचं पायाभूत सर्वेक्षण: एका दिवसाची हजेरी पुरते का?

भांडारपाल
विकसनशील देशांत अत्यावश्यक औषधं लोकांपर्यंत पोचवायचा कार्यक्रम आखला की आधी पायाभूत सर्वेक्षण येतं, म्हणजे कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीची स्थिती मोजणं; पुढच्या फेऱ्या त्याच्याशी ताडतात. त्यासाठी बहुधा जागतिक आरोग्य संघटना आणि हेल्थ ॲक्शन इंटरनॅशनल ही स्वयंसेवी संस्था यांची पद्धत (2003, सुधारित आवृत्ती 2008) उचलली जाते. देशातले सहा भाग, प्रत्येकात पाच सरकारी केंद्रं, त्या प्रत्येकाच्या जवळचं एक खासगी औषध दुकान, सुमारे 50 औषधांची यादी. भेटीच्या दिवशी औषध डोळ्यांना दिसलं तर 'आहे', नाहीतर 'नाही'.

ही एका दिवसाची हजेरी पाया मानू नये असं माझं ठाम मत आहे. पुरवठा दर तिमाहीला होत असेल तर माल उतरल्यावर पहिल्या आठवड्यात कपाटं भरलेली असतात आणि अकराव्या आठवड्यात रिकामी. पायाभूत फेरी पहिल्या आठवड्यात आणि पुढची अकराव्या आठवड्यात पडली, तर चांगला चाललेला कार्यक्रमही फसलेला दिसेल. त्यापेक्षा साठा पत्रकावरून मागच्या बारा महिन्यांतले तुटवड्याचे दिवस मोजा. नोंद अपुरी असेल तर त्या प्रमाणात वर्षावर आणा: 243 दिवसांची नोंद, त्यात 40 दिवस शिल्लक शून्य, तर 40 × 365 ÷ 243, म्हणजे वर्षाला साधारण 60 दिवस.

कपाट_उघडा
अजिबात सहमत नाही. तुम्ही कागदावर विसंबताय, आणि तोच तर दुवा सगळ्यात कच्चा आहे.

पत्रक हातात घेऊन नीट बघा. तारीख, आवक, जावक, शिल्लक, सही. चार महिन्यांच्या नोंदी एकाच शाईत, अक्षराचं वळण तेच, जावक दर वेळी बरोब्बर 200. असं पत्रक रोजच्या रोज भरलेलं नसतं, एका बैठकीत उरकलेलं असतं. शिल्लक 600 लिहिलेली आणि खोक्यात 350 गोळ्या. उलटही होतं: भांडारातून शेवटचा डबा वाटपाच्या खिडकीवर गेला की पत्रकावर शून्य लागतं, पण खिडकीवर रुग्णांना औषध अजून आठवडाभर मिळत असतं. तुमच्या हिशेबात तो आठवडा तुटवड्याचा.

शिवाय ते 365 ÷ 243. ज्या महिन्यांची नोंद नाही ते महिने बाकीच्यांसारखेच गेले, असं तुम्ही गृहीत धरता. नोंद तुटते ती बहुतेकदा माणूस नसतो किंवा माल नसतो तेव्हाच. म्हणजे खरा तुटवडा 60 पेक्षा जास्त असण्याची शक्यता अधिक. डोळ्यांनी पाहिलेला एक दिवस निदान खरा तरी असतो.

नमुनाकार
दोघंही आकाराचा प्रश्न टाळताय. 30 केंद्रांपैकी 12 मध्ये एखादं औषध सापडलं, म्हणजे 40 टक्के. हा साधा यादृच्छिक नमुना धरला तरी चूक-मर्यादा दोन्ही बाजूंना 17 ते 18 टक्के-बिंदूंची, म्हणजे खरा आकडा साधारण 22 ते 58 मध्ये कुठेही असू शकतो. पुढच्या फेरीत 50 टक्के आले तर सुधारणा झाली असं छातीठोकपणे सांगता येत नाही. दर वेळी नवी केंद्रं निवडून 40 वरून 50 ची वाढ पकडायची तर एका फेरीला 390 च्या आसपास केंद्रं लागतात. तेवढा पैसा नसेल तर तीच केंद्रं पुन्हा गाठा, आणि पुरवठ्याच्या वेळापत्रकातला तोच आठवडा धरा. भांडारपाल यांची मूळ तक्रार त्यातच बरीचशी मिटते.

कपाट_उघडा
@नमुनाकार, हे एकेका औषधापुरतं खरं. ही पद्धत मुळात सगळ्या यादीच्या सरासरीसाठी आहे आणि ती सरासरी इतकी हलत नाही. त्यावरूनच 36 देशांची तुलना 2009 मध्ये मांडता आली: सरकारी केंद्रांत जेनेरिक औषधांची सरासरी उपलब्धता जागतिक आरोग्य संघटनेच्या विभागांनुसार 29.4 ते 54.4 टक्के. प्रत्येकाने आपापली मोजपट्टी वापरली असती तर हे चित्र कुणालाच दिसलं नसतं.

रोजंदार
उपलब्धतेवर एवढं भांडताय, परवडण्याबद्दल कुणी बोलेना. या पद्धतीत सरकारी नोकरीतल्या सगळ्यात कमी पगाराच्या अकुशल कामगाराला एका उपचारासाठी किती दिवसांची मजुरी मोजावी लागते ते काढतात, जुनाट आजारासाठी 30 दिवसांचं औषध धरून. पण शेतमजुराला किंवा फेरीवाल्याला तेवढीही मजुरी मिळत नाही, म्हणजे आकडा मुळातच उजळ दिसतो. त्यात सरकारने पगार वाढवला की औषधाची किंमत जराही न उतरता ते 'परवडणारं' होतं! पायाभूत अहवालात गरिबीरेषेवर काढलेला आकडाही शेजारी द्यायलाच हवा.

आणखी एक. सरकारी केंद्रात औषध मोफत असेल तर किंमत शून्य, म्हणून परवडण्याच्या रकान्यात सगळं छान. कपाट रिकामं असल्यामुळे दम्यासाठीचा सॅल्ब्युटामॉलचा इनहेलर बाहेरून विकत घेणारी बाई त्या रकान्यात कुठेच नसते. ती फक्त घरोघरच्या सर्वेक्षणातच सापडते.

नमुनाकार
+१. किमतीच्या गुणोत्तराचीही तीच गत, म्हणजे इथली किंमत आंतरराष्ट्रीय संदर्भ किमतीच्या किती पट आहे त्या आकड्याची. ते ज्या आंतरराष्ट्रीय संदर्भ किमतींवर काढतात ते दरपत्रक 2015 नंतर नव्याने निघालेलं नाही. म्हणून पायाभूत फेरीला वापरलेलं संदर्भवर्ष आणि त्या दिवसाचा विनिमय दर दोन्ही लिहून ठेवा. नाहीतर चलन घसरलं की औषध स्वस्त झाल्यासारखं वाटतं.

भांडारपाल
@कपाट_उघडा, खिडकीचा मुद्दा मान्य. तो तुटवडा वेगळ्या रकान्यात टाकायला हवा. वर्षावर आणलेला आकडाही 'किमान' म्हणूनच छापावा. पण कच्च्या पत्रकावर उपाय आहे. प्रत्येक केंद्रात पाच औषधं प्रत्यक्ष मोजा, मुदत संपलेली बाजूला काढून, आणि पत्रकाशी ताडून बघा. पाचपैकी चारमध्ये फरक 10 टक्क्यांच्या आत असेल तरच त्या केंद्राची नोंद हिशेबात घ्या. किती केंद्रं गाळली तेही छापा. निम्मी गाळावी लागली तर पुरवठ्याचा पहिला आजार तिथेच कळला.

कपाट_उघडा
इथवर ठीक. पण मग गाळलेल्या केंद्रांसाठी तुमच्याकडे माझी एका दिवसाची हजेरीच उरते, आणि सगळ्यात हालाखीची केंद्रं नेमकी तीच असतात. म्हणून मुख्य आकडा हजेरीचाच ठेवा, तुटवड्याचे दिवस त्याच्या खाली.