लाँगबोसाठी फर्मा कशाचा करावा? बजेट ३,०००

देवरुखकर: नमस्कार मंडळी. ६६ इंची लॅमिनेटेड लाँगबो, म्हणजे पट्ट्या चिकटवून केलेलं लांब धनुष्य, करतोय. पाठीला, म्हणजे निशाणाकडच्या बाजूला, कळकाच्या बांबूची चिपटी, मध्ये सागाच्या दोन पट्ट्या, पोटाला, म्हणजे आपल्याकडच्या बाजूला, शिसव. ओढ, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारं बळ, ३५ पौंडांच्या आसपास. पट्ट्या रंधून तयार आहेत, अडलंय फर्म्यापाशी, म्हणजे ज्या साच्यावर त्या वाकवून चिकटवायच्या त्यापाशी. आजोबांचं घर उतरवलं तेव्हाचा सागाचा वासा पडवीत आहे, सहा फूट लांब, ५ इंच उंच, अडीच इंच जाड. तो वापरू की प्लाय आणू? बजेट सगळं धरून ३,०००.

वेंगुर्ल्याचो: एवढी खटपट कशाला? मी टेकडाउन रिकर्व्ह (सुटे भाग जोडायचं, टोकं पुढे वळलेलं तयार धनुष्य) मागवला, २२,००० पडले. तीन वर्षं झाली, खाऱ्या हवेतही एक पट्टी सुटलेली नाही.

रंधा_चिपळूण: वासा नको. १८ मिमी बीडब्ल्यूपी (पाण्यात न सुटणाऱ्या) प्लायच्या तीन पट्ट्या एकमेकींवर चिकटव, ५४ मिमी जाडी मिळते. फर्निचरवाल्याकडे लांब तुकडे उरलेले असतात, ते माग. फर्म्याला फेव्हिकॉल चालेल, धनुष्याला नको. धनुष्य कायम ताणाखाली असतं, त्यात फेव्हिकॉलचा सांधा हळूहळू सरकतो. तिथे इपॉक्सीच, तेही मंद बसणारं.
आणि फर्म्याची वरची कड गुण्यात, म्हणजे बाजूंशी काटकोनात हवी. दर तीन इंचांवर गुण्या लावून उजेडाकडे धरून बघ. माझ्या पहिल्या फर्म्याची कड एका बाजूला मिलिमीटरभर उतरली होती. पट्ट्या तिकडे घसरल्या, धनुष्याचा खालचा हात (मुठीखालची बाजू) पिळला आणि दोरी मुठीच्या मधून न जाता बाजूने जायला लागली. चार महिन्यांचं काम चुलीत गेलं.

सीक्लॅम्प२४: क्लॅम्पशिवाय हात घालू नका. दर तीन इंचांवर एक, म्हणजे चोवीस. मी चांगल्यातले घेतले, दहा हजारांच्या वर गेले, पण आयुष्यभराचा प्रश्न मिटला.

देवरुखकर: दादा, बजेट तीन हजार आहे.

सायकलवाला_गुहागर: सायकलच्या जुन्या ट्यूब घे. पंक्चरवाल्याने मला पोतंभर फुकट दिल्या. इंचभर रुंदीच्या पट्ट्या काप आणि मुठीपासून टोकाकडे ताणून गुंडाळत जा, म्हणजे हवा आणि जादा इपॉक्सी टोकाकडे सरकतं. वर पातळ प्लायची पट्टी ठेव, दाब सारखा बसतो. इपॉक्सी लावल्यावर पट्ट्या साबणासारख्या निसटतात, म्हणून मुठीच्या जागी बारीक खिळा मारून मध्य पक्का कर. मी पहिल्या वेळी पाच मिनिटांत बसणारं आणलं होतं. एक हात गुंडाळेपर्यंत दुसरीकडचं दगड झालं.

माणगावाला: कळक का घेतलास? आमच्या सिंधुदुर्गातला माणगा बांबू भरीव असतो, मोडता मोडत नाही.

रंधा_चिपळूण: माणगा काठीला उत्तम. पाठीला रुंद, सपाट चिपटी लागते, ती जाड पेराच्या कळकातूनच निघते.

माणगावाला: कळक अवसेला तोडला होता का? नाहीतर किडणार.

सायकलवाला_गुहागर: तिथीचं ठाऊक नाही. मी पंधरा दिवस व्हाळात (ओढ्यात) बुडवून ठेवला आणि सावलीत वाळवला, भुंगा लागला नाही.

आंजर्लेकर: फर्म्याला खाकी पॅकिंग टेप लाव, नाहीतर धनुष्य फर्म्यालाच चिकटेल. मेण चोळू नये, ते पट्टीला लागलं की सांधा धरत नाही.
आत्ता जुलै चालू आहे. या दमटपणात लाकूड पाणी ओढतं, इपॉक्सीवर तेलकट साय येते. दिवाळीपर्यंत थांब. घाईच असेल तर प्लायच्या खोक्यात ६० वॅटचे दोन पिवळे बल्ब लावून पट्ट्या आधी चार दिवस शेकव. चिकटवल्यावरही फर्म्यासकट त्यातच ठेव.

सीक्लॅम्प२४: टेप लावायला विसरू नका.

रंधा_चिपळूण: वाशाबद्दल पुन्हा सांगतो. भरीव लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात पीळ घेतं. फर्मा वळला की त्यावरचं प्रत्येक धनुष्य वळणार. वापरायचाच असेल तर मधून उभा चिर आणि एक फाळ उलटी फिरवून चिकटव, म्हणजे दोन्हींचा ओढा एकमेकांना अडवतो.

वेंगुर्ल्याचो: प्लायच बरा.

आंजर्लेकर: प्लाय.

देवरुखकर: सगळ्यांचे आभार. वासाच घेतला. साठ वर्षं कौलांखाली, चुलीच्या धुरात राहिलेला आहे, त्याला जे वळायचं ते वळून झालंय असं माझं मत. जुन्या लाकडात खिळे असतात म्हणून गिरणीवाला चिरायला तयार नव्हता. लोहचुंबक फिरवून अकरा खिळे उपसले, त्याच्यासमोर मोजून दाखवले, तेव्हा त्याने वासा करवतीला लावला. फाळ उलटी करून चिकटवली. रंधल्यावर सव्वादोन इंच जाडी राहिली, आतून लाकूड मधासारखं पिवळं निघालं. टोकांना दीड इंच रिफ्लेक्स (निशाणाकडे बाक) ठेवलाय. ट्यूबा आणल्या. खर्च आतापर्यंत ७४०, त्यात इपॉक्सी धरलेलं नाही.
कड दर तीन इंचांवर तपासली. डावीकडून चौथ्या खुणेवर अजून उजेड दिसतोय, तेवढी उद्या उतरवतो. चिकटवणं दिवाळीनंतर.

रंधा_चिपळूण: पावसाळाभर फर्मा भिंतीला टेकवून ठेवू नकोस, आडवा ठेव. आणि दिवाळीत परत गुण्या लाव.