'शॅडोज'चा बेस वाजवणारा एकच होता का?

फोंड्याचा बेसवाला
आमचा लहान ग्रूप आहे. डिसेंबरात मडगावच्या एका हॉलमध्ये लग्नाला वाजवायचंय आणि नवऱ्याच्या वडिलांनी ब्रिटिश गायक क्लिफ रिचर्डच्या साथीच्या ग्रूपचे, म्हणजे शॅडोजचे, तीन पीस आवर्जून मागितलेत: 'अपाची', 'डान्स ऑन' आणि 'फ्लिंगेल बंट'. कान लावून ऐकतोय तर तिन्हींत बेस गिटारचा हात निराळा वाटतो. ग्रूपमधले म्हणतात, माणसं तीच, फरक रेकॉर्डिंगचा. कोण बरोबर?

म्हापशाचा जुना वाजपी
तुझा कान बरोबर आहे बाब! तीन पीस, तीन बेसवाले.

1958 मध्ये क्लिफच्या मागे वाजवणाऱ्या ग्रूपचं नाव होतं ड्रिफ्टर्स. त्याच वर्षी न्यूकॅसलहून आलेले हँक मार्विन आणि ब्रूस वेल्च गिटारला लागले, बेसला जेट हॅरिस आला, पुढच्या वर्षी ड्रमला टोनी मीहन. अमेरिकेत ड्रिफ्टर्स नावाचा ग्रूप आधीपासून होता, म्हणून 1959 मध्ये यांना नाव बदलून शॅडोज करावं लागलं. 'अपाची' (1960) या चौघांचं.

1961 मध्ये मीहन गेला, ब्रायन बेनेट आला. 1962 मध्ये हॅरिस गेला, ब्रायन लॉकिंग आला. 'डान्स ऑन'वर हे दोघे आहेत. आता गंमत बघ: जानेवारी 1963 मध्ये 'डान्स ऑन' ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं आणि आठवड्याभरात त्याला खाली ओढलं 'डायमंड्स'ने. ते कोणाचं? सोडून गेलेल्या हॅरिस आणि मीहनचं! मला हा सगळा इतिहासच त्या एका आठवड्यासाठी आवडतो.

1963 च्या अखेरीस लॉकिंगच्या जागी जॉन रॉस्टिल. 'फ्लिंगेल बंट' (1964) त्याच्या हातचं, आणि रचनाकारांतही त्याचं नाव आहे. हँक, ब्रूस तेच राहिले म्हणून लोकांना ग्रूप तोच वाटतो. पण पखवाजी बदलला की भजनाची चाल बदलते, तसंच हे.

हॅरिस समजून घ्यायचा तर 1961 च्या एलपीवरचं 'निव्हरॅम' ऐक, त्यात बेसचा सोलो आहे. 'अपाची'त मात्र जागा भरायला जाऊ नकोस. स्वर पूर्ण वाजू दे, हँकची धून वर मोकळी राहायला हवी.

मडगाव ड्रम्स
आम्हालाही विचारा की! 'अपाची'च्या सुरुवातीचा तो घुमणारा ठोका मीहनचा नाही, खुद्द क्लिफने चिनी ड्रम वाजवलाय. हॉलमध्ये फ्लोअर टॉमवर (ड्रमसेटमधला जमिनीवरचा मोठा ड्रम) मऊ काठीने वाजवा, चालतं. आणि बेनेट, लॉकिंग आधी गायक मार्टी वाइल्डच्या वाइल्डकॅट्स ग्रूपमध्ये एकत्र होते, म्हणून 'डान्स ऑन'मध्ये बेस-ड्रम इतके घट्ट बसलेत.

फोंड्याचा बेसवाला
देव बरें करूं दोघांनाही. 'डान्स ऑन'ला आमचा ड्रमवाला पुढे पळतो, तिथेच अडतंय.

म्हापशाचा जुना वाजपी
मग गिटारवाल्यांना एक दिवस सुट्टी दे. तुम्ही दोघेच बसा, आधी सावकाश वाजवा, लय जमली की मग त्यांना बोलव.