विषय: स्कूटरच्या गरम ग्रिप बदलायच्या आहेत, कोणी स्वतः केलंय का?

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या कामाशी संबंध नसलेली मेल आहे, ज्यांना दुचाकीत रस नाही त्यांनी खुशाल पुढे जावं.

माझ्या १२५ सीसी स्कूटरला आधीच्या मालकाने बसवलेल्या गरम ग्रिप (विजेवर तापणाऱ्या हँडलच्या मुठी) आहेत. रबर पार गुळगुळीत झालंय आणि उजव्या ग्रिपला अंगठ्याजवळ भेग पडलीय. ती कधी तापते, कधी थंडगार. डावी न चुकता तापते, पण कोमटच. थंडी तोंडावर आलीय, त्यामुळे आता टाळण्यात अर्थ नाही.

विचारायचं हे: जुन्या ग्रिपवर नुसतं नवीन रबर चढवता येतं का? एकट्या उजवीचं काम करून भागेल का? आणि हे घरी जमण्यासारखं आहे का? घरात मल्टिमीटर आहे, पाने आहेत, उत्साह बेताचा आहे.

– यंदाची सचिव

---

विषय: पुन्हा: स्कूटरच्या गरम ग्रिप

सचिवबाई,

रबर चढवायचा विचार आधी डोक्यातून काढा. गरम ग्रिपमध्ये आत कडक प्लास्टिकची नळी, तिच्यावर तापणारी पट्टी आणि वर रबर, असं सगळं एकजीव केलेलं असतं. त्यावर आणखी रबर घातलं तर उष्णता हातापर्यंत पोचायला वेळ लागेल. त्याहून वाईट म्हणजे ते रबर पिळताना सरकू शकतं. डाव्या हाताला सरकलं तर वैताग, उजव्या हाताला सरकलं तर थेट गाडीच्या वेगाशी खेळ. तेव्हा जोडीच बदला. भेगेतून पाणी आत जात असेल तर ती ग्रिप तशीही फार दिवसांची सोबती नाही.

पण खरेदी करण्यापूर्वी एक तपासणी करा. उजव्या ग्रिपचा कनेक्टर सोडवा, मीटर ओहमवर ठेवून तिच्या दोन वायरींना लावा आणि मूठ सावकाश पिळा. आकडा स्थिर राहिला तर दोष ग्रिपच्या बाहेर, बहुधा जोडणीत असेल. आकडा उड्या मारत असेल तर ग्रिपच्या तोंडाशी वायर आतून तुटलीय. डाव्या ग्रिपची वायर जागच्या जागी असते, उजवीची मात्र प्रत्येक पिळ्याला वाकते. म्हणून बहुतेक वेळा उजवीच आधी जाते.

डावी कोमट लागते त्याला मात्र दोष म्हणू नका. डावी ग्रिप थेट हँडलच्या धातूवर बसते आणि धातू बरीच उष्णता ओढून घेतो. उजवी प्लास्टिकच्या फिरत्या नळीवर असते, तिला आयतंच अस्तर मिळतं. नवीन डावी ग्रिप सैल बसत असेल तर हँडलवर पातळ हीटश्रिंक नळीचा (तापवली की आवळून बसणाऱ्या प्लास्टिकच्या नळीचा) एक थर देऊन पाहा, फरक जाणवतो. घट्ट बसत असेल तर हट्ट करू नका.

– जुना खजिनदार

---

विषय: पुन्हा: पुन्हा: स्कूटरच्या गरम ग्रिप

ताई, एक विरोधी मत नोंदवतो. ग्रिप तळहात तापवते, पण गारठतात ती बोटांची पाठ, कारण वारा तिथे लागतो. हँडलवर चढवायचे मफ घ्या. वायर नाही, फ्यूज नाही, बॅटरीवर भार नाही. दिसायला बोजड आहेत, मान्य. पण एकदा हात आत घातला की दिसण्याची फिकीर राहत नाही.

– ग्रंथालयवाला

---

विषय: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: स्कूटरच्या गरम ग्रिप

काका, मोजलं. डावी ८ ओहम, स्थिर. उजवीसुद्धा ८ दाखवते, पण मूठ पिळली की मीटर उघडं सर्किट (म्हणजे जोडणी तुटलेली) दाखवतो, सोडली की परत ८. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच.

आणखी एक मोजमाप: इंजिन नुसतं चालू ठेवून, एकटी डावी पूर्ण तापवली तेव्हा बॅटरीवर १२.४ व्होल्ट. जरा रेस दिली की १३.९. हे ठीक आहे का? आणि जुन्या काढायच्या कशा? डावी तर जणू हँडलचाच भाग झालीय.

ग्रंथालयवाले, मफ घेणारच आहे, पण ग्रिपही हव्यात. हावरटपणा समजा.

– सचिव

---

विषय: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: स्कूटरच्या गरम ग्रिप

सचिवबाई, मोजमाप झकास.

आधी विजेचं. ८ ओहमची ग्रिप १३.६ व्होल्टला १.७ अँपिअर घेते. दोन्ही मिळून ३.४, म्हणजे साधारण ४६ वॅट. पळत्या गाडीला हे झेपतं, तुमचे १३.९ तेच सांगतात. सिग्नलला उभं असताना मात्र १२.४, तेही एकाच ग्रिपवर. दोन्ही चालू झाल्या की तिथे बॅटरीच रिकामी होत राहणार. थोडा वेळ चालतं. पण तुमचा रस्ता थांबत-थांबत जाणारा असेल तर पूर्ण तापमान निघताना पाच-दहा मिनिटं, नंतर खालची पायरी, असं ठेवा. इथे मी ग्रंथालयवाल्यांच्या बाजूचा आहे: मफ असले की खालची पायरी भरपूर होते. फक्त मफच्या आत ब्रेकचे दांडे मोकळे फिरतात ना ते बघून घ्या. व्होल्टेज पडल्यावर आपोआप बंद होणारा स्विच असलेला संच मिळाला तर तोच घ्या.

घेताना हँडलचा व्यास आणि ग्रिपची लांबी मोजा. बहुतेक स्कूटरचं हँडल २२ मिलिमीटरचं असतं, लांबीत मात्र फरक पडतो आणि लांब ग्रिप सहसा कापता येत नाही, आत पट्टी असते.

काढताना आधी हँडलच्या टोकाची वजनं सोडवा. त्यांचे स्क्रू हट्टी असतात. डोकं खराब होण्याआधी मापाचा, अचूक बसणारा स्क्रू ड्रायव्हर आणा. मग हेअर ड्रायरने ग्रिप तापवा, गोंद मऊ पडतो. हवेच्या झोताने ग्रिप फुगवून काढायची युक्ती साध्या रबराला चालते, इथे आतली नळी कडक असल्याने ती फुगत नाही. सरळ लांबीच्या रेषेत कापा आणि पक्कडीने सोलून काढा. डावीकडे खाली धातू आहे, जोर लावा. उजवीकडे खाली प्लास्टिकची नळी आहे, म्हणून वरवर कापत जा. त्या नळीला खोल चीर गेली तर तीही बदलावी लागेल.

नवी उजवी चढेना तर फिरत्या नळीवरच्या उभ्या रेघा पाहा. त्या साध्या रबराला पकड मिळावी म्हणून असतात आणि गरम ग्रिपला आड येतात. कानशीने थोडं घासा, बसवून पाहा, परत घासा. एकदम खूप उतरवलं तर ग्रिप डुलायला लागेल.

आता महत्त्वाचं, इथे घाई चालणार नाही. गोंद लावण्याआधी दोन्ही ग्रिप कोरड्या चढवा. थ्रॉटल (उजवी, वेगाची मूठ) पूर्ण बंद आणि पूर्ण उघडा, दोन्ही टोकांना वायर ब्रेकच्या दांड्याला अडते का, ताणली जाते का, ते बघा. उजव्या वायरला सैल वळण राहू द्या, तिचा पहिला पट्टा ग्रिपला अगदी चिकटून बांधू नका, नाहीतर पुन्हा तिथेच तुटेल. जागा ठरली की खूण करा. हँडल आणि नळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. संचासोबत मिळणारा गोंद काही सेकंदांत धरतो आणि एकदा धरला की वाकडी ग्रिप वाकडीच. साधा रबराचा गोंद नको, उष्णतेने सुटतो. उजव्या टोकाचं वजन परत लावताना ग्रिप आणि वजनामध्ये एक-दोन मिलिमीटर फट हवी. घासली तर थ्रॉटल अडकेल.

वायरिंगचं थोडक्यात: बॅटरीजवळ फ्यूज, संचावर लिहिला असेल तेवढाच, तुमच्या भाराला ५ अँपिअर पुरतो. वीज रिलेमार्फत (चावीच्या विजेवर चालू-बंद होणाऱ्या स्विचमार्फत) घ्या, म्हणजे चावी बंद की ग्रिप बंद. निगेटिव्ह हँडलच्या धातूला न जोडता थेट बॅटरीला न्या, स्टीअरिंगच्या ग्रीस भरलेल्या बेअरिंगमधून अर्थिंग भरवशाचं मिळत नाही. वाकणाऱ्या जागी सोल्डर नको, कनेक्टर दाबून लावा.

सगळं झालं की हँडल पूर्ण डावीकडे, मध्ये, पूर्ण उजवीकडे करा आणि प्रत्येक ठिकाणी थ्रॉटल पूर्ण पिळून सोडा. ‘टक’ करून आपला आपण बंद व्हायलाच हवा. मग इंजिन चालू करून हँडल या टोकाकडून त्या टोकाला फिरवा. इंजिनचा आवाज वाढला तर केबल किंवा वायर कुठेतरी ओढली जातेय. हे होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही, कितीही थंडी वाजो.

– जुना खजिनदार

---

विषय: पुन्हा: स्कूटरच्या गरम ग्रिप (इलेक्ट्रिक)

काका, मध्येच घुसतो. माझी स्कूटर इलेक्ट्रिक आहे. हेच सगळं तिला लागू का?

– मंडळाची वेबसाइट बघणारा

---

विषय: पुन्हा: पुन्हा: स्कूटरच्या गरम ग्रिप (इलेक्ट्रिक)

ग्रिप बसवण्याचं सगळं लागू, पण तुझा थ्रॉटल केबलचा नसणार. तरी तो सुटून परत बंद होतो का, हे तितकंच नीट बघ. विजेचं वेगळं. दिवे आणि हॉर्नसाठी मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्ट करून देणारा कन्व्हर्टर असतो, ग्रिप त्याच्यावरच चालणार. त्याच्यावर किती अँपिअर लिहिलेत ते बघ, दिवे, इंडिकेटर, हॉर्न यांचे वजा कर, आणि चार अँपिअर उरत नसतील तर ग्रिप लावू नकोस. मोठ्या बॅटरीला परस्पर वायर तर अजिबात जोडायची नाही. तुझ्यासाठी मफच बरे, ग्रंथालयवाल्यांना विचार.

– जुना खजिनदार