‘डीम्ड कन्सेंट’ला मराठीत काय म्हणायचं?

लेस्टरकर
मदत हवी आहे. इथल्या आमच्या ज्येष्ठांच्या गटासाठी अवयवदानाच्या कायद्यावर एकपानी मराठी माहितीपत्रक करते आहे. मजकूर फार नाही. इंग्लंडमध्ये २० मे २०२० पासून नियम उलटा झाला. पूर्वी ज्याला अवयव द्यायचे तो नाव नोंदवायचा; आता ज्याला द्यायचे नाहीत त्याने ‘नाही’ नोंदवायचं. काहीच नोंदवलं नाही तर कायदा तुमचा होकार धरतो. १८ वर्षांखालचे, इथे येऊन १२ महिने न झालेले आणि ज्यांना हे सगळं समजण्याची क्षमता उरलेली नाही असे लोक यातून वगळले आहेत. लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने आलेल्या आईने धास्ती घ्यायचं कारण नाही. आणि घरच्यांशी बोलणं होतंच, परस्पर कोणी काही काढून घेत नाही.

घोडं अडलंय एका शब्दावर. ‘डीम्ड कन्सेंट’ला मी ‘गृहीत संमती’ लिहिलं आणि मसुदा मावशींना वाचायला दिला (वय ८१, मूळच्या मिरजेच्या, माझ्या सख्ख्या नव्हेत, पण इथे सगळ्यांच्या मावशी). त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, “म्हणजे मेल्यावरसुद्धा आम्हाला गृहीतच धरणार का?”

आता तो शब्द छापवत नाही. दुसरा सुचवा. ‘ऑप्ट-आउट’लाही, म्हणजे ते ‘नाही’ नोंदवण्याला.

खर्डेघाशी
शब्द तयार आहे: मानीव. जन्म सरकारी भाषांतरात गेला, म्हणून खात्रीने सांगतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, ‘मानीव अभिहस्तांतरण’ त्याला झोपेतही म्हणता येतं. बिल्डर जमीन सोसायटीच्या नावावर करून देत नाही, तेव्हा त्याने ती करून दिली असं कायदा मानतो. दिलेली नसते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कायद्याच्या मराठीत ‘असे मानण्यात येईल’ हे वाक्य पानोपानी सापडेल. तेव्हा ‘मानीव संमती’.

‘डीम्ड’ला दुसरा शब्द ‘अभिमत’, पण तो विद्यापीठांनी पळवला. ‘अभिमत संमती’ म्हटलं तर लोक फी किती म्हणून विचारतील.

लेस्टरकर
मानीव नेमका आहे, पण मावशींची सोसायटी मिरजेत नव्हती, वाडा होता. त्यांना मानीव कळणार नाही.

शेंडेफळ
मग ‘मानलेली’ म्हणा की. मानलेला भाऊ, मानलेली मुलगी. रक्ताचं नातं नाही हे दोघांनाही माहीत, तरी राखी बांधतो, भाऊबीज घालतो, कर्जाला जामीनसुद्धा राहतो. ‘मानीव’मध्ये जे आहे तेच हे, फक्त घरातलं.

खर्डेघाशी
वा! सत्तावीस वर्षं ‘मानीव’ लिहिलं, मानलेला भाऊ कधी आठवला नाही.

शंकासुर
वा कसलं? मानलेल्या भावाला आपण भाऊ मानतो. इथे मानणारं सरकार आहे आणि ज्याची संमती मानली तो बोलायच्या पलीकडे गेला आहे. त्याला कोणी विचारलं, बाबा रे, मी तुझी संमती मानली, तुला चालेल का?

मला मावशींचा आक्षेप शंभर टक्के पटतो. मराठीत ‘गृहीत’ गणितात निरुपद्रवी आहे, ‘समजा त्रिकोण अबक’ इतकंच. पण माणसाला लावला की तो तक्रारीचाच शब्द होतो. “मला गृहीत धरू नकोस” हे वाक्य प्रत्येक घरात बहुधा स्वयंपाकघरातून येतं. लेस्टरकर, मी तर म्हणतो हाच शब्द ठेवा. कायदा जे करतो तेच तो सांगतो. भाषांतरकाराने साखर का घोळायची?

पाणिनीचा शेजारी
‘संमती’वर भांडताय, पण खरा वांधा ‘दान’ या शब्दात आहे. दानाची जुनी व्याख्या स्वस्वत्वनिवृत्तिपूर्वक परस्वत्वापादन. आधी आपला हक्क सोडायचा, मग दुसऱ्याचा निर्माण करायचा. हातावर पाणी घ्यायचं, ‘न मम’ म्हणायचं, ते सोडायचं. व्याकरणातही ज्याला द्यायचं तो संप्रदान, म्हणून चतुर्थी. पण धोब्याला कपडे देतो तिथे वैयाकरण ‘रजकस्य’ अशी षष्ठी लावतात, कारण कपड्यांवरचा हक्क आपण सोडलेला नसतो, इस्त्री होऊन ते परत यायचे असतात. मतितार्थ इतकाच की नुसतं एका हातातून दुसऱ्या हातात गेलं म्हणजे दान होत नाही, देणाऱ्याचं मन त्यात लागतं. गप्प राहिलेल्या माणसाकडून घेतलं ते फार तर ‘ग्रहण’.

शिवाय घेणारा कोण हे इथे देणाऱ्याला ठाऊक नसतं. शास्त्रात विहीर-तळं सगळ्यांसाठी सोडून देण्याला वेगळा शब्द होता, ‘उत्सर्ग’. अर्थाने तोच जवळचा. पण आज ‘अवयवोत्सर्ग’ म्हटलं तर लोकांना उत्सर्जन संस्था आठवेल, म्हणून हट्ट धरत नाही.

शंकासुर
आणि दधीची आठवा. हाडं हवी होती ती प्रत्यक्ष देवांना, वज्रासाठी, तरी ते ऋषींच्या दारात मागायला गेले. कर्णाची कवचकुंडलंही इंद्राने वेष पालटून का होईना, मागूनच घेतली.

शेंडेफळ
देवांना घाई नव्हती हो. इथे हृदय काढल्यापासून चारेक तासांत दुसऱ्याच्या छातीत लागतं. दधीचींच्या अस्थी दोन दिवस राहिल्या असत्या.

रात्रपाळी
मी महाराष्ट्रातल्या एका मोठ्या रुग्णालयात प्रत्यारोपण समन्वयक आहे. शब्दांचं आमच्याकडे काय होतं ते सांगते.

पहिला शब्द ‘मेंदूमृत’. छापील मराठीत ‘मस्तिष्कस्तंभ मृत्यू’. दोन्ही निरुपयोगी. ‘मेंदूमृत’ ऐकलं की नातेवाईक म्हणतात, मेंदू गेला ना, बाकीचा माणूस आहे ना? व्हेंटिलेटरवर छाती वर-खाली होतेय, अंग गरम आहे, मॉनिटरवर ठोके दिसताहेत. कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ तपासतं, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा. दुसऱ्या तपासणीनंतर मी ‘मेंदू’ हा शब्द वापरतच नाही. “ते गेले आहेत. श्वास मशीनचा आहे,” एवढंच म्हणते आणि थांबते. त्या थांबण्यात कोणीतरी खाली बसतं.

दुसरा शब्द ‘अवयव’. खेड्यातल्या माणसाला अवयव म्हणजे हात-पाय. एका आजींनी मला विचारलं होतं, “हात कापणार का गं त्याचा?” तेव्हापासून मी किडनी, लिव्हर, डोळे असंच म्हणते. मूत्रपिंड, यकृत कोणी म्हणत नाही. ‘प्रत्यारोपण’ तर आमच्याकडे वॉर्डबॉयच्या तोंडीही ‘ट्रान्सप्लांट’च. नाहीतर आरोप-प्रत्यारोपातला वाटतो.

आता तुमची ‘संमती’. आपल्याकडे नातेवाईक नमुना ८ वर सही करतात. माणसाने जिवंतपणी नमुना ७ भरून प्रतिज्ञा केली असली तरी प्रत्यक्षात घरच्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नाही. पण इतक्या वर्षांत ‘मी संमती देतो’ असं एकही बाप, एकही बायको म्हणाली नाही. काय म्हणतात सांगू? “घ्या.” “त्याचं तर झालं, दुसऱ्याचं होऊ दे.” आणि सगळ्यांत जास्त वेळा, “आमची काही हरकत नाही.”

खर्डेघाशी
रात्रपाळीताई, तुम्ही नकळत कलमच वाचून दाखवलंत. १९९४चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेने केला तो महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या तीन विधिमंडळांनी ठराव करून मागितला म्हणून. म्हणजे आपल्यापुरता तो आपण मागून घेतलेला कायदा आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात आहे की माणसाने जिवंतपणी लेखी अधिकार दिला नसेल, पण हरकतही घेतली नसेल, तर मृतदेहाचा कायदेशीर ताबा असलेली व्यक्ती परवानगी देऊ शकते. अट एवढीच की जवळच्या कुणा नातेवाइकाची हरकत आहे असं मानायला तिच्यापाशी कारण नसावं. म्हणजे भारतातही मृताच्या बाजूने ‘हरकत नव्हती ना’ एवढंच पाहिलं जातं. ‘हो’ म्हणावं लागतं ते मागे राहिलेल्याला.

म्हणून माझी दुरुस्त सूचना: ‘ना-हरकत पद्धत’.

डेल्फ्टवासी
याला नेदरलँड्समधून दुजोरा. इथला कायदा २०१८ साली वरिष्ठ सभागृहात ३८ विरुद्ध ३६ मतांनी कसाबसा पास झाला, १ जुलै २०२० पासून लागू. मला पत्र आलं, मी बाजूला ठेवलं. दुसरं आलं, तेही ठेवलं. मग नोंदवहीत माझ्या नावापुढे आपोआप पडलं ‘खेन बेझ्वार’. शब्दशः ‘हरकत नाही’. कायद्याने ‘होकार’ हा शब्द मुद्दाम वापरलेला नाही. स्वतःहून ‘हो’ म्हटलेल्यांची नोंद निराळी होते आणि गप्प बसलेल्यांची निराळी. मला ते प्रामाणिक वाटलं. आळशी माणसाला त्यांनी दाता केलं नाही, फक्त आळशी लिहून ठेवलं.

(पुढे मी लॉग-इन करून ‘हो’ केलं. पण महिनाभर ‘खेन बेझ्वार’ होतो हे खरं.)

शंकासुर
ना-हरकत सपशेल चूक! ‘ना-हरकत प्रमाणपत्र’ कोणीतरी देतं, सही-शिक्क्यानिशी. त्यासाठी आपण खेटे घालतो. गप्प बसलेल्या माणसाने ना-हरकत दिली असं कुठल्या तलाठ्याने मानलंय?

आणि शब्दच बघायचा तर मुळात अरबीत ‘हरकत’ म्हणजे हालचाल. हिंदीत ती खोडी झाली, आपल्याकडे आडकाठी. म्हणजे ‘ना-हरकत’चा मूळ अर्थ ‘हालचाल नाही’. रात्रपाळीताईंच्या वॉर्डात हा शब्द जरा जपूनच उच्चारा.

पाणिनीचा शेजारी
हे वाचून चहा गार झाला.

शंकासुर
ब्राझीलचं उदाहरणही नोंदवून ठेवतो. तिथे १९९७ साली असाच कायदा केला. ज्याला नको त्याने ओळखपत्रावर ‘दाता नाही’ असा शिक्का मारून घ्यायचा. लोक बिथरले, डॉक्टरांनीही घरच्यांना विचारल्याशिवाय हात लावायचं नाकारलं आणि पुढच्याच वर्षी तो नियम गुंडाळावा लागला. गृहीत धरलेली माणसं अशीच वागतात.

रात्रपाळी
शंकासुर, तुम्ही कायद्याला फार मोठा करता, आणि त्याचे भक्तही तेच करतात. स्पेनचा दाखला सगळे देतात. कायदा १९७९चा, संमती मानणारा. पण तिथे आजही घरच्यांना विचारतात आणि ते नको म्हणाले तर थांबतात. १९८९ मध्ये राष्ट्रीय संस्था उभी राहिली, राफाएल मातेसान्झ तिचे प्रमुख झाले, रुग्णालयारुग्णालयात शिकवून तयार केलेले समन्वयक बसले, बहुतेक अतिदक्षता विभागातले डॉक्टरच, आणि आकडे चढत गेले. आज दर दहा लाख लोकांमागे चाळीसहून जास्त मरणोत्तर दाते. आपल्याकडे एकही पुरता नाही. मातेसान्झ स्वतःच सांगत आले की यश कायद्याचं नाही, व्यवस्थेचं आहे.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर असा कायदा मला नको. पण घरी बोलणं झालेलं असावं. “त्यांना काय वाटलं असतं?” असं मी विचारते तेव्हा नव्वद टक्के घरं एकमेकांकडे बघतात (हा टक्का माझ्या डोळ्यांचा, कुठल्या अहवालातला नाही).

शेंडेफळ
आमच्या बाबांचं डोनर कार्ड आम्हाला पाकिटात सापडलं. तेराव्याला. लॅमिनेट केलेलं होतं.

मी कायद्याच्या बाजूने आहे. इंग्लंडसारखा असता तर दादाला ‘नको’ म्हणताना निदान तोंडाने म्हणावं लागलं असतं. आमच्याकडे कोणी काही म्हणालंच नाही, आणि ते ‘नाही’ धरलं गेलं. गृहीत दोन्हीकडे धरतात, शंकासुर.

शंकासुर
हे मान्य.

खर्डेघाशी
थोडा वेळ गेल्यावर लिहितो. शेंडेफळ यांच्या शेवटच्या वाक्याने मला पेपरातलं चौथं पान आठवलं. जाहीर नोटीस: “सदर मिळकतीवर कोणाचाही हक्क, हितसंबंध असल्यास ही नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून १४ दिवसांचे आत लेखी हरकत घ्यावी, अन्यथा कोणाचीही हरकत नाही असे समजून व्यवहार पूर्ण करण्यात येईल.” ऑप्ट-आउट आपल्याकडे रोज छापून येतं आणि त्याला आपण नाव ठेवलेलं नाही. त्यात संमती, मानीव, गृहीत काहीच नाही. फक्त ‘असे समजून’.

नाम सोडा, क्रियापद घ्या.

पाणिनीचा शेजारी
सहमत. मराठी क्रियापदावर चालते, नामावर अडखळते. एक दुरुस्ती: नोटिशीत ‘समजण्यात येईल’ असा कर्मणी असतो, त्यामुळे समजणारा लपतो. पत्रकात कर्ता येऊ दे. कोण समजतं? कायदा समजतो. स्कॉटलंडने त्यांच्या कायद्यात ‘कन्सेंट’ टाळून ‘ऑथरायझेशन’ घेतलं, म्हणजे आपली मुखत्यारी. पण नाम ते नामच.

लेस्टरकर
सगळ्यांचे आभार. काल रात्री हे लिहिलं:

“तुम्ही ‘नाही’ कळवलं नाहीत, तर कायदा तुमची हरकत नाही असं समजतो. ‘नाही’ कळवायचं असेल तर फोनवर किंवा इंटरनेटवर कळवता येतं. ‘हो’ असेल तर तेही कळवा. आणि जे कळवाल ते घरी सांगा, कारण विचारणार त्यांनाच आहेत.”

‘ऑप्ट-आउट’ला शब्दच लागला नाही, ‘नाही कळवणं’ पुरलं. ‘मानलेली संमती’ मात्र कंसात ठेवली आहे. शेंडेफळ, तुमच्यासाठी.

आज सकाळी मावशींना दिलं. दोनदा वाचलं, ‘समजतो’खाली बोटाने रेघ ओढली आणि म्हणाल्या, “समजतो म्हणजे त्याला समजलंय असं नाही. बरंय.” मग मला फोन हातात घ्यायला लावून फॉर्म उघडायला सांगितला. डोळे सोडून बाकी सगळं द्यायचंय म्हणाल्या. कोणते अवयव द्यायचे ते निवडता येतं, म्हणून मी यादी वाचत गेले आणि ‘कॉर्निआ’शी थांबले. “हे काय?” मी म्हटलं, बुबुळ. त्या म्हणाल्या, “बुबुळ काळं असतं. हे तर त्याच्यावरचं काचेसारखं ना?”

तर आता ‘कॉर्निआ’ला शब्द सुचवा. फॉर्म अजून उघडाच आहे.

रात्रपाळी
पुस्तकात ‘पारपटल’ आणि ‘स्वच्छमंडल’ आहेत. मी ‘डोळ्याची काच’ म्हणते. आणि मावशींना सांगा, अख्खा डोळा बसवत नाहीत, बसवतात ती तेवढी काचच. हे ऐकल्यावर पुष्कळांचं ‘डोळे सोडून’ बदलतं. बदललंच पाहिजे असं नाही.