बालकांच्या श्वासमार्गाच्या आणीबाणीचा सराव कमी खर्चात कसा करून घ्यावा?

प्रश्न (बालरोग विभाग, मुंबई)

नमस्कार. मी एका सार्वजनिक रुग्णालयात निवासी डॉक्टरांना शिकवतो. गेल्या पावसाळ्यात शेंगदाणा श्वासनलिकेत गेलेले दीड वर्षाचे मूल रात्री अडीचच्या सुमारास अपघात विभागात आले. ड्युटीवरच्या डॉक्टरला पुढची प्रत्येक पायरी तोंडपाठ होती, पण हात चालेना. भूल विभागातील वरिष्ठ वेळेवर पोहोचले म्हणून मूल वाचले. तेव्हापासून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

नवजात बाळाच्या श्वासनलिकेचा व्यास सुमारे ४ मिमी धरला आणि चहूबाजूंनी १ मिमी सूज आली, तर वाट २ मिमी उरते आणि हवेच्या वाटेतला अडथळा १६ पट होतो. हे गणित आम्ही दरवर्षी फळ्यावर मांडतो. हाताला सवय लावण्यासाठी मात्र आमच्याकडे एकच मॅनिकिन (सरावासाठीचा मानवी पुतळा) आहे, तेही प्रौढ माणसाच्या आकाराचे. बालकांची चांगली मॅनिकिन घेण्याइतका निधी नजीकच्या काळात मिळेल असे दिसत नाही. स्वस्तात तयार होणारी आणि तरीही चुकीचे न शिकवणारी साधने कोणी वापरली आहेत का?

उत्तर १ (कान-नाक-घसा शल्यचिकित्सक)

श्वासमार्ग बंद पडल्यावर गळ्यातून थेट श्वासनलिकेत सुई घालण्याच्या सरावासाठी आम्ही बोकडाची श्वासनलिका वापरतो. मटणाच्या दुकानात नुसती ‘नळी’ मागितली तर नळीचे हाड हातात पडते, म्हणून ‘फुप्फुसासकट गळ्याची नळी’ असे स्पष्ट सांगावे. सुरी गळ्यावरूनच फिरत असल्याने स्वरयंत्र पुष्कळदा तुटलेले येते. ते अखंड हवे असल्यास आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते.

नळी थर्मोकोलच्या पाटावर टाचण्यांनी बसवून वर कोंबडीची कातडी ताणावी. मग सलाइन भरलेली सिरिंज लावलेली कॅन्युला (सुईवरची बारीक प्लास्टिक नळी) पायांच्या दिशेने तिरकी घालत, सिरिंज ओढत राहावे. नळीत शिरताच हाताला हलका झटका जाणवतो आणि सिरिंजमध्ये बुडबुडे येतात. खरा धडा यानंतरचा आहे. नळी उभी चिरून आतून पाहावी. मागच्या भिंतीवर टोचल्याची खूण दिसली की कॅन्युला किती खोल गेली होती हे विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

दोन गोष्टींचे भान मात्र ठेवावे. ही नळी तान्ह्या बाळाच्या नळीपेक्षा बरीच मोठी असते आणि बाळाच्या आखूड, गुबगुबीत मानेत क्रायकोथायरॉइड पडदा (स्वरयंत्राच्या पुढच्या बाजूचा, सुई घालण्याचा पातळ पडदा) बोटाला सापडणेच कठीण असते. इथे जमले म्हणजे बाळात जमेल, असा समज विद्यार्थ्यांत राहू देऊ नये. सराव संपल्यावर अवशेष जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतच जावेत.

उत्तर २ (भूलतज्ज्ञ)

वरील पद्धत उत्तम आहे, तरी माझ्या मते सुईपर्यंत जाण्याची वेळच येऊ नये यासाठीचा सराव आधी हवा. मास्क नीट धरणे, डोके योग्य स्थितीत ठेवणे आणि मदतीला लवकर हाक मारणे यांवरच बहुतेक मुले वाचतात. त्यासाठी बाजारातली मऊ बाहुलीही चालते. पहिले पुनरुज्जीवन-मॅनिकिन १९६० मध्ये नॉर्वेतील आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या उद्योजकानेच घडवले होते, तेव्हा खेळण्यापासून सुरुवात करण्यात कमीपणा मानू नये.

एकाने घड्याळ धरावे आणि दर वीस सेकंदांनी घसरते सॅच्युरेशन (रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी) मोठ्याने सांगावे: ९२, ८४, ७१. आकडा कानावर पडू लागला की वर्गात अचूक उत्तरे देणारेही अडखळतात. आपल्या त्या निवासी डॉक्टरला नेमकी हीच सवय नसावी. मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. खोकला निष्प्रभ झाला पण मूल शुद्धीवर आहे, तर वर्षाच्या आतील बाळाला पाठीवर ५ थापा आणि छातीवर ५ दाब द्यावेत, आणि मोठ्या मुलाला छातीऐवजी पोटावर दाब द्यावेत. कोणती परिस्थिती आहे हे सांगणाऱ्याने मध्येच बदलावे, म्हणजे निर्णय घेण्याचाही सराव होतो.

उत्तर ३ (बालअतिदक्षता विभागातील परिचारिका)

सर, ट्रेकिऑस्टॉमी केलेल्या (गळ्याला छिद्र करून श्वासासाठी ट्यूब बसवलेल्या) मुलांचाही यात समावेश करावा, ही विनंती. नळी तुंबते तेव्हा खाटेजवळ पहिली व्यक्ती बहुधा सिस्टर किंवा मुलाची आई असते. आम्ही बाहुलीच्या गळ्याला भोक पाडून आत व्हेंटिलेटरच्या जुन्या पन्हाळीदार नळीचा तुकडा बसवला आहे. पाण्यात भिजवलेला इसबगोल घट्ट कफासारखा होतो आणि तोच आम्ही ट्यूबमध्ये भरतो. सक्शन कॅथेटर (कफ ओढून काढणारी बारीक नळी) आत जात नाही असे दिसताच ट्यूब बदलायची, कारण लहान मुलांच्या बहुतेक ट्यूबना काढून धुता येईल अशी आतली नळी नसते. त्याच मापाची ट्यूब बसली नाही तर अर्ध्या मापाने (०.५ मिमीने) लहान घ्यायची. म्हणून या दोन्ही ट्यूब उशाशी आहेत ना, हे पाहण्यापासूनच आमचा सराव सुरू होतो. घरी सोडण्यापूर्वी आईकडूनही हे दोनदा करून घेतो.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. येत्या शनिवारी बाहुली आणि घड्याळापासून सुरुवात करतो. सिस्टर, त्या दिवशी आमच्या वॉर्डातील परिचारिकांनाही बोलावतो. इसबगोल किती पाण्यात किती वेळ भिजवावा, तेवढे कृपया लिहावे.