नुसबाउमचं चित्र ओस्नाब्रुकमध्ये असावं का?

रंगरेषा: नाझींनी मारलेला जर्मन ज्यू चित्रकार फेलिक्स नुसबाउम, त्याचं 1943 सालचं 'ज्यू ओळखपत्रासह आत्मचित्र' जर्मनीत, त्याच्या जन्मगावी ओस्नाब्रुकच्या संग्रहालयात आहे. मला हे पटत नाही. चित्र लहानसंच, 56 सेंटिमीटर उंच. उंच भिंतीच्या कोपऱ्यात सापडलेला माणूस, कॉलर वर केलेली, कोटावर ज्यूंना सक्तीचा केलेला पिवळा तारा. हातातलं ओळखपत्र आपल्यापुढे धरलंय, त्यावर फ्रेंच आणि डचमध्ये 'ज्यू' असा लाल शिक्का. आता त्यावरचं जन्मस्थळ वाचून बघा. अक्षरं लागतच नाहीत. राष्ट्रीयत्वापुढे 'नाही'. ज्या गावाचं नाव त्याने स्वतःच्या ब्रशने पुसलं, त्या गावाने त्याला 'आमचा चित्रकार' म्हणावं?

ओसरी: नाव पुसून त्याने गाव टाकलं, असं मला दिसत नाही. गावाने त्याला टाकलं, याची ती नोंद आहे. आणि ही चित्रं गावाने पळवलेली नाहीत. तो लपला होता त्या ब्रुसेल्समधून युद्धानंतर ती सोडवायला झगडले ते त्याचे नातलगच. आपण मेलो तरी चित्रं मरू देऊ नका, लोकांना दाखवा, एवढंच त्याचं मागणं होतं.

रंगरेषा: नातलग म्हणजे उरलं होतं कोण? वडील फिलिप लोखंडाचे व्यापारी, पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने लढलेले. इटलीत मुलाला भेटले, तो नको म्हणत असताना मायदेशाच्या ओढीने परत गेले. पुढे हॉलंडला पळावं लागलं आणि 1944 मध्ये आईवडील दोघंही आउशवित्झच्या नाझी छळछावणीत संपले. फेलिक्स आणि त्याची बायको फेल्का, तीही चित्रकार, ब्रुसेल्समध्ये लपलेले असताना पकडले गेले. 31 जुलै 1944च्या गाडीने तेही तिथेच. भाऊ युस्टुस स्टुटहोफच्या छळछावणीत गेला. अख्खं घर गेल्यावर दूरच्या नातलगांची संमती मला पुरेशी वाटत नाही.

सागरगोटा: माझं आजोळ रेवदंडा. तिथले बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, इस्रायलला गेले ते आपल्या मर्जीने. त्यांना 'आमची माणसं' म्हणताना आमची मान खाली जात नाही. ओस्नाब्रुकला तो शब्द इतक्या सहज वापरता येणार नाही. मी रंगरेषा यांच्या बाजूने.

ओसरी: मान खाली जावी म्हणूनच ते तिथे हवं. 1998 मध्ये वास्तुविशारद लीबेस्किंडने बांधलेल्या त्या संग्रहालयात चित्रांपर्यंत जायला अरुंद, उघड्या काँक्रीटचा बोळ आहे. न्यूयॉर्कला हेच चित्र एक उत्तम चित्र म्हणून पाहिलं जाईल. ओस्नाब्रुकचा पोरगा मात्र घरी जाऊन आजोबांना विचारेल, यांचं घर आपल्या कुठल्या रस्त्यावर होतं?