सीसीएनएच्या सरावासाठी जुने राउटर घ्यावेत की लॅपटॉपवरच भागवावे?

प्रश्न
नमस्कार. मी सिस्कोच्या सीसीएनए (२००-३०१) या नेटवर्किंगच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करत असून नोकरीमुळे सरावाला रात्रीचाच वेळ मिळतो. माझ्याकडे आठ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. लॅमिंग्टन रोडवर दोन १८४१ राउटर आणि तीन २९६० स्विच असा वापरलेला संच मिळत आहे. खऱ्या उपकरणांवर हात बसल्याशिवाय मुलाखतीत निभाव लागत नाही, असे सहकारी सांगतात. हा खर्च करावा का?

प्रतिसाद १
माझ्या मते करू नये. सिस्कोचे पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कची नक्कल करणारे सॉफ्टवेअर मोफत मिळते, आठ जीबीवर सहज चालते आणि व्हीलॅन (एकाच स्विचवरील वेगवेगळी आभासी नेटवर्क), ट्रंक, ओएसपीएफ, नॅट, एसीएल या अभ्यासक्रमातील विषयांचाच नव्हे, तर वायरलेस कंट्रोलरचाही सराव त्यात होतो, जो या संचात मुळीच होणार नाही. सिम्युलेशन मोडमध्ये एआरपीची (आयपी पत्त्यावरून उपकरणाचा हार्डवेअर पत्ता शोधणारी) चौकशी कोणत्या पोर्टमधून बाहेर पडली, हे टप्प्याटप्प्याने दिसते. शिवाय वन रूम किचनमध्ये रात्री या उपकरणांतील पंख्यांची घरघर घरच्यांना किती दिवस सोसवेल, याचाही विचार करावा.

प्रतिसाद २
पूर्ण संच नको, हे मान्य. तरी एक २९६० अवश्य घ्या. आठ पोर्टचे २९६०-८टीसी हे मॉडेल बिनपंख्याचे असते. वापरलेल्या स्विचवर बहुधा आधीच्या मालकाचा पासवर्ड असतो. मोड बटण दाबून धरून स्विच चालू करणे, फ्लॅशमधील कॉन्फिग फाइलचे नाव बदलणे आणि मग पुन्हा बूट करणे, हे सारे हाताने केल्यावरच पक्के होते. कॉन्फिगरेशन पुसून रीलोड केले, तरी जुने व्हीलॅन तसेच राहतात, कारण ते फ्लॅशमधील व्हीलॅन डॅट या वेगळ्या फाइलमध्ये असतात. नवख्यांना हे कोडे हमखास पडते.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. मग पॅकेट ट्रेसरच्या जोडीला जीएनएस३ हे नेटवर्क लॅबचे सॉफ्टवेअरही लावावे का?

प्रतिसाद ३
जीएनएस३ स्वतः मोफत आहे, परंतु त्यासोबत सिस्कोचे आयओएस (राउटर व स्विच चालवणारे सॉफ्टवेअर) मिळत नाही. ते परवान्यासह आपणच मिळवावे लागते. त्याऐवजी सिस्को मॉडेलिंग लॅब्ज या सिस्कोच्याच लॅब सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पाहा. तिच्यात एका वेळी पाच नोड (आभासी उपकरणे) चालतात, पण तिच्या व्हर्च्युअल मशीनलाच किमान आठ जीबी रॅम लागते, म्हणून राउटरांचे पैसे आधी रॅम वाढवण्यात घालावेत आणि बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन सुरू आहे ना, हेही पाहावे.

स्विच घेतलाच, तर यूएसबी कन्सोल केबल सोबत न्या आणि दुकानातच ९६०० बॉड रेटवर (कन्सोल जोडणीच्या वेगावर) लॅपटॉपला जोडून बूट होताना पाहा. पडद्यावर अगम्य अक्षरे उमटली, तर स्विच बिघडला असे लगेच समजू नका. बहुतेक वेळा बॉड रेटच चुकलेला असतो.